पाचपरतावनाचा जिताडा

नाय, नाय, पाण्यात नको, तो टब तिथंच बांधावर ठेव — मराठी हाय होय तू? मग आधी बोलायचं ना, मी उगाच मघापासून 'रुको, रुको, मत छोडो' करत ओरडत आलो, तुला वाटलं असेल कोण हा बनियनवाला म्हातारा अंगावर धावून येतोय. बस जरा. त्या दगडावर बस, सावली हाय तिथं. मी पोलीस नाय, महानगरपालिकेचा पण नाय. तलाव आमचा हाय — म्हणजे सातबाऱ्यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव, मी रघू, तो लवू. तू राहतेस तो टॉवर उभा राहायच्या कितीतरी आधी इथं भात व्हायचं, पलीकडे आमचं मिठागर होतं, आणि मधे हा तलाव. भात गेलं, मीठ गेलं, तलाव राहिला. बघू, काय हाय टबात? — कासव. लाल कानाचं. वाटलंच मला. दुकानातून आणलं तेव्हा बिस्किटाएवढं असेल, आता काचेच्या पेटीत मावत नाय, घर बदलायचंय, नवा मालक ठेवू देत नाय, असंच ना? पुण्याला? बघ, बरोबर निघालं. आणि वरच्या गॅलरीतून तुला रोज हा तलाव दिसतो, तुला वाटलं बिचारं मोकळं राहील. काकडीचे काप पण घातलेस टबात. माया हाय तुझी, मला दिसतंय. पण इथं नाय सोडायचं. हे इथलं नाय. हे आपल्या कासवाची जागा खाणार, माशांची अंडी खाणार, आणि तू पुण्यात म्हातारी होशील तरी हे इथं जिवंतच राहणार. एवढं बोलून मी गप्प बसलो असतो — पण आज नाय बसवत. आज तू चुकीच्या दिवशी आलीस बघ.

जरा मोठ्याने बोलतो, इंजिनाचा आवाज हाय. — ए चंदन! पाइप देख, मिट्टी खींच रहा है, थोडा ऊपर ले! — चंदन, पंपवाला. सकाळपासून लावलाय पंप. तलाव रिकामा करतोय. सगळ्यांना सांगितलंय गाळ काढायचाय, पावसाच्या आत गाळ काढलेला बरा. काढायचा हाय गाळ, खोटं नाय. पण तू बघ ना, नीट बघ — गाळ काढायला कोण पाइपाच्या तोंडाला अशी बारीक जाळी बांधतं? आणि पाणी खाडीत सोडायचं तर ही इथं उघाडी हाय, बांधातली झडप, ओहोटीला उघडली की पाणी आपोआप खाडीत जातं, डिझेल जाळायची गरजच नाय. तरी मी पंप लावून पाणी पलीकडच्या सुक्या शेतात सोडतोय, का? कारण यातलं एक पिल्लू, एक अंडं खाडीत जायला नको. गावातल्या कुणी अजून विचारलं नाय. तू पण नाय विचारलंस, पण तू बाहेरची, तुला कसं कळणार.

तुझं मूळ गाव कुठलं? रत्नागिरी? मग तुला मासा काय सांगायचा. पण जिताडा तुमच्याकडे एवढा नाय चालत, तुमच्याकडे सुरमई-बांगडा. आमच्या आगरी माणसाला जिताडा म्हणजे — कसं सांगू — पाहुणा घरी आला आणि त्याला घरच्या तलावातला जिताडा नाय घातला तर तो पाहुणा आलाच नाय असं समज. त्यात जावई असेल तर बोलायलाच नको. पावसात खाडीचं पाणी वर येतं तेव्हा जिताड्याची पिल्लं या उघाडीतून आत शिरतात, नायतर खाडीवरून कोळणी आणून देतात, ती इथं सोडायची आणि विसरून जायचं. दोन-तीन वर्षांत हाताएवढा होतो, मग मांडीएवढा. विकायचा नाय तो. माझ्या बापाने कधी विकला नाय, मी नाय विकला. मुलीच्या लग्नाला राखायचा. आमच्यात लग्न झाल्यावर मुलगी आणि जावई पहिल्यांदा माहेरी येतात, पाचपरतावन बोलतो आम्ही त्याला — त्या दिवशी व्याह्यांच्या समोर तलावात पाग टाकायची, जाळं, आणि समोर काढलेला जिताडा चुलीवर जायला पाहिजे. मासा केवढा, त्यावरून घर केवढं. हसू नको, तुमच्याकडे नाय का विचारत, किती तोळे घातले? तसंच.

माझी भाविका. एकच मुलगी. ती कॉलेजात गेली तेव्हापासून मी तिच्या नावाने जिताडे राखले. सांगतो तुला, संध्याकाळी मी इथं पायरीवर बसायचो ना, तर कडेची पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरायची, खंड्या त्या विजेच्या तारेवर बसलेला असायचा, बेडकांचा तर असा कालवा की फोनवर बोलता यायचं नाय. मरळ होते, काळुंदर होती, कोळंबी होती. आणि मधेच तो — जिताडा — शिकारीला उठायचा, धप्प करून आवाज यायचा, घरात भांडी घासणारी बायको तिथून बोलायची, ऐकला का तुमचा जावईबापू. शालन, माझी बायको. तिला ते आवाजावरून कळायचं. माणसाला यापरतं काय पाहिजे, तूच सांग.

मग सगळं बिघडत गेलं. एकदम नाय, हळूहळू. पहिल्यांदा बेडूक गप्प झाले. मला वाटलं या वर्षी पाऊस तसा नाय. मग पाणकोंबडीची पिल्लं, आज पाच दिसली तर परवा तीन, मग एकटी आईच, मग ती पण गेली. खंड्या उडून गेला, त्याला खायलाच काय राहिलं नाय. पाण्यावर सारखे बुडबुडे यायचे, कायतरी काळं तोंड वर यायचं, हवा घ्यायचं आणि खाली. मी समजलो पाणी नासलं, मासे गुदमरतात. आणि पाणी कोण नासवणार? टॉवरवाले! तुमच्या गटाराचा पाइप त्या कोपऱ्यातून जातो ना — तू कुठल्या विंगमध्ये? बी? मग तुला आठवत असेल ते भांडण. तो बोर्ड मीच लावला होता, 'आमचा तलाव मारणाऱ्यांचा निषेध'. तुमच्या सेक्रेटरीला मी गेटवर उभं राहून काय काय बोललो, ते तुझ्यासमोर आता बोलायला नको. तो बिचारा कागद दाखवत होता, अंकल, हमारा लाइन अलग है, आणि मी ऐकतच नव्हतो. प्रभाग कार्यालयात जाऊन खाली बसलो मी, सतरंजी टाकून. आणि माझ्या बाजूला कोण बसला होता माहीत हाय? लवू. माझा भाऊ. माझ्यापेक्षा मोठ्याने घोषणा देत होता. 'तलाव आमची आई हाय' — असं बोलला तो तिथं, माईकवर, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, बापाच्या मागे भाऊ कसा उभा राहिला बघ.

त्याला माहीत होतं, पोरी. तो घोषणा देत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

थांब, सांगतो, घाई नको करू. कासवाला थोडं पाणी घाल, तोंड आत ओढून बसलंय. — तर लवूने काय केलं होतं, त्याच्या घराच्या मागे केळींच्या आडोशाला खड्डा मारून त्यात निळं प्लास्टिक अंथरलं होतं आणि त्यात मांगूर पाळले होते. आपला देशी मांगूर नाय गं, तो तर मीच लहानपणी हाताने धरायचो, बारीक असतो, चव लागते त्याला. हा तो थाई मांगूर बोलतात तो. नाव थाई, हाय आफ्रिकेचा — बघ, मोबाइलवर बघ हवं तर, मी पण त्यातच बघितला नंतर. काळा, मिशाळ, अंगावर डाग, कोंबडीची आतडी टाका, कुजकं टाका, काय पण खातो आणि दुधीसारखा वाढतो. बंदी हाय त्याच्यावर सरकारची. का बंदी हाय? कारण पाण्यात दुसरं काय ठेवत नाय तो. अंडी, पिल्लं, बेडूक, पाखरू कडेला उतरलं तर पाखरू. पाणी आटलं तर हवा खाऊन जगतो, ओल असेल तर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. हे सगळं लवूला माहीत नव्हतं असं नाय. तो बोलायचा, दादा, मी दोन-चार देशी मांगूर पाळलेत, हौस. आणि मी — मी भावाच्या खड्ड्यात वाकून कशाला बघू? आपला भाऊ हाय, बोलला देशी तर देशी.

मग एकदा मत्स्य खात्याची माणसं गावात येणार अशी बातमी आली, असे खड्डे शोधून मासे मारून गाडत होते ते. लवूला आदल्या दिवशी कळलं. आता दुसरा माणूस काय करेल? फेकून देईल, पुरून टाकेल. पण आमचा लवू — त्याचा जीव माशात अडकलेला — त्याने अंधारात टोपल्या भरल्या आणि आणून ओतल्या इथं. या तलावात. वाटलं असेल, साहेब लोक गेले की पाग टाकून परत काढू. घरचाच तलाव हाय, कुठं जातात. अरे मूर्खा, तो काय कपाटात ठेवलेला डबा हाय काय, नेला आणि आणला? दुसऱ्या दिवशी ती माणसं येऊन रिकामा खड्डा बघून गेली, आणि लवू मला येऊन हसत हसत सांगत होता, 'दादा, माझ्याकडे काय भेटलंच नाय त्यांना.' मी पण हसलो. चहा पाजला त्याला. माझ्या भाविकाचे जिताडे त्या वेळी पाण्यात काय भोगत होते, आणि मी वर बसून त्यांना खाणाऱ्याला चहा पाजत होतो.

नाय, मोठा जिताडा एकदम नाय मरत. तू बरोबर विचारलंस. मोठा लढतो. पण त्याला खायला काय राहिलं? कोळंबी संपली, काळुंदर संपली, नवीन पिल्लं उघाडीतून आली ती आल्याआल्या गेली. भुकेने मरतो मग तो, कुणाला दिसत पण नाय.

हे सगळं मला नंतर कळलं. लग्नापर्यंत मी आपला गटारावर भांडत होतो. गेल्या वर्षी एप्रिलात भाविकाचं लग्न झालं, उरणकडचे व्याही, चांगली माणसं, जितेंद्र जावई, नोकरीला हाय, मान खाली घालून बोलतो. पाचपरतावनाचा दिवस. मी सकाळपासून काळजीत — मासा भेटेल ना? पाणी तर असं. शालनला बोललो, तर ती बोलली, तुम्ही काळजी नका करू, भेटेल. लवू बोलला, दादा, पाग मी टाकतो, तू व्याह्यांजवळ थांब, तू मोठा, तुला शोभतं. किती बरं वाटलं मला. सगळे या बांधावर उभे, व्याही, त्यांचे भाऊ, बायका, आमचं गाव. लवू कमरेएवढ्या पाण्यात, तिकडे त्या उघाडीच्या मोरीजवळ. पहिली पाग टाकली, रिकामी. दुसरी टाकली — आणि ओढायला लागला, ओढायला लागला, आणि असा मोठा जिताडा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याही बोलले, 'रघूशेठ, घर बघितलं आज तुमचं.' मी चप्पल काढली, पायरी उतरलो, लवूच्या हातातून मासा मी माझ्या हातात घेतला.

थंड होता.

एप्रिलातलं दुपारचं पाणी, पोरी, पाय घातला तर कोमट लागतं. आणि तो मासा बर्फाचा थंड. ताठ. कल्ला मी अंगठ्याने उघडून बघितला, रंग उडालेला. कधीचा मेलेला, बर्फात ठेवलेला मासा. कुणीतरी पोत्यात घालून त्या मोरीखाली ठेवला होता आणि लवूने तो जाळ्यात घेतला. मी लवूकडे बघितलं, लवू पाग झटकत होता, माझ्याकडे बघतच नव्हता.

मी काय केलं? काय करणार? हसलो. मोठ्याने हसलो. आणि तो मासा मी कुणाच्या हातात दिलाच नाय — व्याही हात पुढे करत होते, बघू, किती वजन हाय, तर मी बोललो, नको, नको, तुमचे कपडे खराब होतील, आणि छातीशी धरून सरळ स्वयंपाकघरात नेला. बनियन भिजलं, छाती गारठली. शालनच्या पुढ्यात ठेवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बोललो, चांगला मोठा हाय. ती बोलली, 'गावदेवीची कृपा.' गावदेवीचं नाव घेतलं तिने, पोरी! तीस-पस्तीस वर्षं संसार केलेली बाई, माझ्या डोळ्यात बघून. आणि मी बोललो, हो, देवीचीच कृपा. आणि जेवायला बसलो सगळ्यांबरोबर. जेवलो पण. मिटक्या मारत जेवलो, कारण व्याही बघत होते.

पाहुणे गेल्यावर गळ घेऊन मी एकटाच आलो इथं. आतड्याचा तुकडा लावला, टाकला, आणि बोट मोडायच्या आत ओढला गेला. वर काढला तर तो — मिशा हलवतोय, हवा खातोय, हातातून सुटून पायरीवर वळवळत माझ्याच पायाकडे यायला लागला. तेव्हा एकेक गोष्ट जुळली, निळं प्लास्टिक, रिकामा खड्डा, लवूचं हसणं. तुमच्या सेक्रेटरीचा कागद. मी तो मासा दगडाने ठेचला आणि गळ गुंडाळून घरी गेलो.

तेव्हा मला वाटत होतं, लवू आणि शालन. दोघंच. त्यांनी मला वाचवायला केलं, चार माणसांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून केलं — एवढं मी समजू शकतो, मी काय दगड नाय. पण पुढच्या आठवड्यात भाईंदरच्या बाजारात गेलो. तिथली आमची ओळखीची कोळीण, चंपा, लांबूनच हाक मारते, 'रघूदादा, कसा होता जिताडा? तुमची भाविका लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः येऊन निवडून गेली, मेंदीचे हात घेऊन. बर्फ जास्त घाल बोलली, बाबांना ताजा दिसला पाहिजे.' सहज बोलली ती, तिच्या मनात काय नव्हतं. मी बोललो, छान होता. कोथिंबीर घ्यायची होती ती न घेताच घरी आलो.

माझी मुलगी. जिच्यासाठी राखला, तिनेच बाजारातून विकत आणून माझ्या हातात दिला. आणि मी टाळ्या घेतल्या. सगळ्यांना माहीत होतं गं. माझ्याच घरात, माझ्याच तलावाची गोष्ट, आणि मी सोडून सगळ्यांना माहीत. हे जास्त लागतं. लवूने आधी येऊन सांगितलं असतं, दादा, माझ्या हातून असं असं झालं — तर मी काय केलं असतं? मारलं असतं. हो, दोन थोबाडीत दिल्या असत्या. मग? मोठ्या भावाने मारायचं नाय तर कुणी मारायचं? मारलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून तलाव उपसला असता, तेव्हा दोन-चार टोपल्याच होते ते, आता किती झाले देव जाणे. शालन बोलली असती — नाय बोलली. त्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला झेपणार नाय.

तेव्हापासून मी गप्प हाय. वर्ष झालं. शालनच्या हातचं जेवतो, लवू येतो, चहा घेतो, भाविकाचा रविवारी व्हिडिओ कॉल येतो, 'बाबा, जिताडा पुन्हा कधी?' विचारते, हसते, आणि मी पण हसतो. त्यांना अजून वाटतं मला काय कळलं नाय. तुला पहिल्यांदा सांगतोय. का सांगतोय मला पण माहीत नाय, तू टब घेऊन आलीस आणि माझं डोकं फिरलं. नावसुद्धा विचारलं नाय तुझं.

गप्प बसून निभावलं असतं मी. मरेपर्यंत निभावलं असतं. पण हे काय निभावू देत नाय ना. गेल्या पावसात मी उघाडी उघडलीच नाय, अख्खा पावसाळा बंद ठेवली, वरून जाळी ठोकली, म्हणजे हे खाडीत जायला नकोत. त्याने झालं काय, शेजारी हरिश्चंद्रच्या वाडीत पाणी भरलं, त्याने मला आईवरून शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. आणि तरी — दिवाळीनंतर तोच हरिश्चंद्र एक मासा घेऊन आला घरी. त्याचा पण तलाव हाय, त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरतंय, त्याने पण जिताडे राखलेत. बोलला, 'रघू, हा कुठला मासा रे? माझ्या पागेत आला.' सरपटत गेला असणार बांधावरून. काळा, डागाळ. माझ्या अंगणात, माझ्या हातात. आणि मी बोललो — माहीत नाय बाबा, कधी बघितला नाय असला.

असं बोललो मी. बाजूला शालन उभी होती, तिने ऐकलं.

…

नाय, रडत नाय, डिझेलचा धूर जातो डोळ्यात. आता तू सांग, पावसाच्या आत पंप लावला नसता तर काय झालं असतं? यंदा पाणी बांधावरून जाणार, हरिश्चंद्रचा तलाव, मग त्याच्या पुढचा, मग खाडी. सगळ्या गावाच्या मुली जिताड्यावाचून जातील — जिताड्याचं सोड गं, तो खंड्या कुठं जाईल, बेडूक कुठं जातील? आणि पंप लावला तर? लावला तर पाणी खाली जातं, आणि खाली गेलं की काय हाय ते सगळ्यांना दिसतं. बघ, वर बघ, तुमच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. बांधावर गाव जमायला लागलं. हरिश्चंद्र पण आलाय, तो बघ छत्री लावून. हे मासे कुणी सोडले, खड्डा कुणाचा, पाचपरतावनाला मग जिताडा कुठून आला — हे विचारायला किती वेळ लागणार? संध्याकाळपर्यंत उरणला फोन जाईल. माझी मुलगी तिथं नांदते. म्हणून सकाळपासून दोनदा मी चंदनला सांगायला गेलो, बंद कर, आणि दोनदा परत फिरलो. शालनला मी मुद्दाम बोललो घरीच थांब, चिखल हाय, पाय घसरेल.

— क्या? हां, हां, दिख रहा है मेरे को! बंद मत कर! — बघ. बघितलंस? त्या मोरीजवळ, चिखलात. ते दगड नाय. हलतायत ते. एकमेकांच्या अंगावर चढून हवा खातायत. बाप रे, किती झाले. मला वाटलं होतं एखादा तरी जिताडा असेल, एखादा म्हातारा, तळाशी. मी कुणाला बोललो नव्हतो, पण सकाळपासून त्याच्याचसाठी बघत होतो. नाय दिसत. आता एवढंसं तर पाणी राहिलं, असता तर दिसला असता.

ऊठ आता. कासव उचल, झाकण नीट लाव, ऊन लागू देऊ नको त्याला. त्या प्राणीवाल्या संस्थेला फोन कर, ते येऊन घेऊन जातात, नायतर पुण्याला घेऊन जा, नवीन मालकाला पटव, काय पण कर, पण पाण्यात सोडायचं नाय — या नाय, कुठल्याच नाय. जा पोरी. मागच्या वाटेने जा, इकडून नको. माझी बायको येतेय समोरून, डबा घेऊन. तिला येऊ नको बोललो होतो. चालता चालता थांबली बघ. तिला दिसले ते. जा तू, हे आता आमच्या घरातलं हाय, तुझं इथं काम नाय.

— ये शालन. ये, सांभाळून, त्या दगडावर पाय दे. डबा ठेव खाली. नको, काय बोलू नको, मला माहीत हाय सगळं. पाचपरतावनापासून माहीत हाय. लोकांकडे बघू नको, माझ्याकडे बघ. भाविकाला मी सांगतो, मी स्वतः उरणला जाऊन व्याह्यांना सांगतो, तिच्या केसाला धक्का नाय लागणार. हरिश्चंद्रला पण मीच सांगतो, आत्ता, सगळ्यांसमोर. तू फक्त लवूला फोन लाव. बोल, दादाने बोलवलंय. पाग आणायला निघेल तो, तर बोल पाग नको. हाताने वेचायचेत. एकेक.